नववीच्या वर्गात आनंदीबाईंचा खटला

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, आमच्या नववीच्या वर्गात चार आरोपी उभे होते : रघुनाथराव, आनंदीबाई, गारद्यांचा, म्हणजे पेशव्यांच्या पगारी शिपायांचा, प्रमुख सुमेरसिंग आणि रघुनाथरावांच्या पदरचा तुळाजी पवार. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, म्हणजे भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, भर दुपारी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्या खुनाचा कट रचला हा या चौघांवरचा आरोप. रघुनाथरावांच्या डोक्यावर कुणाच्या तरी लग्नातला फेटा होता, आनंदीबाई शाळेच्या गणवेशातच होत्या, आणि सुमेरसिंग सारखा खिडकीबाहेर बघत होता, कारण त्याच्या घरची बैलजोडी शाळेसमोरच्या वावरात चालू होती.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात इतिहास शिकवते. हा खटला मी यापूर्वी एकदा, दोन वर्षांमागे, घेऊन पाहिला होता आणि तो पार फसला होता. फसला यात मुलांची काही चूक नव्हती. मीच त्याला खटला म्हणत होते आणि बसवले होते नाटक. पुठ्ठ्याच्या तलवारी आल्या, चांदीचा कागद आला, ‘काका, मला वाचवा’ अशी आरोळी ठोकत नारायणराव वर्गभर धावला, पोरी रडल्या, आणि न्यायाधीशाने एकही साक्षीदार न तपासता चौघांनाही फाशी ठोठावली. टाळ्या भरपूर पडल्या. तास संपल्यावर मी फळा पुसत होते तेव्हा लक्षात आले, की या चाळीस मिनिटांत वर्गातल्या एकाही मुलाला आधी माहीत नव्हते असे काही कळलेले नाही. आनंदीबाईंनी ‘ध चा मा’ केला हे त्यांना तिसरीत असल्यापासून ठाऊक होते. आपल्याकडे ती म्हणच आहे; आणि ज्या बाईच्या नावावर म्हण पडली तिचा खटला चालवायचा म्हणजे निकाल आधी आणि सुनावणी नंतर, असाच प्रकार होतो.

म्हणून या वेळी मी सुरुवात कागदांपासून केली. तालुक्याच्या वाचनालयातून जमेल ते आणले, काही पाने हाताने उतरवली, काही इंग्रजी मजकूर मुलांना झेपेल अशा मराठीत स्वतः लिहिला, आणि बारा पानांची एक फाइल तयार केली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर खडूच्या रंगाची एक पट्टी ओढली. घटनेच्या काळातली नोंद असेल तर पांढरी, नंतरच्या लेखकाने लिहिलेले असेल तर पिवळी, आणि ‘लोक म्हणतात’ या सदरात मोडणारे असेल तर लाल. नियम एकच होता : साक्षीदाराने फाइलमध्ये असेल तेवढेच बोलायचे, नसेल तर ‘नोंद नाही’ एवढे म्हणून गप्प राहायचे. स्वतःच्या मनाने एक वाक्य जरी घातले तरी समोरचा वकील हरकत घेणार. ‘नोंद नाही’ हे दोन शब्द पुढे आठवडाभर शाळेत इतके गाजले, की गृहपाठ का केला नाही या प्रश्नालाही मला तेच उत्तर मिळू लागले.

पांढऱ्या पट्टीच्या पानांत खुनाभोवतीची चौकट होती. माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले, धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले, चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. नारायणराव मेले तेव्हा त्यांना जेमतेम अठरा वर्षे पूर्ण झाली होती, हे वाचून वर्ग क्षणभर शांत झाला, कारण अठरा म्हणजे अनेकांचा मोठा भाऊ. गारद्यांचे पगार थकले होते. ते पगाराची ओरड करत वाड्यात शिरले. नारायणराव पळत चुलत्याकडे गेले. त्यांच्या अंगावर आडवा पडलेला सेवक चापाजी टिळेकर त्यांच्याबरोबरच कापला गेला. त्याच दिवशी सकाळी नारायणराव पर्वतीला गेले होते आणि काहीतरी शिजते आहे अशी सूचना त्यांना मिळाली होती, बंदोबस्ताचे काम त्यांनी हरिपंत फडक्यांना सांगितले होते, आणि हरिपंत जेवायला गेले होते. हे शेवटचे वाक्य मी फाइलमध्ये सहज म्हणून घातले होते. त्याने पुढे काय केले ते शेवटी सांगते.

मुलांचे लक्ष खऱ्या अर्थाने लागले ते नागपूरचे नाव निघाल्यावर. पुण्याच्या वाड्यातली भानगड आमच्या पोरांना परमुलखातली वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण त्या वेळी आमचा हा मुलूख पेशव्यांपेक्षा भोसल्यांना ओळखत होता. पण १७७२ मध्येच जानोजी भोसले वारले होते, सेनासाहेबसुभा, म्हणजे नागपूरच्या गादीचा धनी, कोणी व्हायचे यावरून मुधोजी आणि साबाजी या भावांत जुंपली होती, आणि पुण्यातही त्याचे दोन तट पडले होते : रघुनाथराव मुधोजींच्या बाजूने, नारायणरावांचा कल साबाजींकडे. हा तंटा पुढे जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळच्या पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले तेव्हाच मिटला. पाचगाव म्हटल्यावर एक मुलगा म्हणाला, “मॅडम, थे तं उमरेड रोडवर आहे, माह्या मावशीचं गाव तिकडंच.” भावाभावांचा हिश्शाचा वाद आणि त्यात बाहेरच्याने एकाची बाजू घेणे, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. ते प्रत्येक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चालूच असते.

भूमिका वाटताना पहिला वाद रामशास्त्री प्रभुण्यांवरून झाला. सगळ्यांचे म्हणणे पडले, की न्यायाधीश रामशास्त्रीच हवेत. ‘देहान्त प्रायश्चित्त’ हे शब्द म्हणायची संधी कुणालाच सोडायची नव्हती. मी विचारले, खुनाचा तपास कोणी केला? रामशास्त्र्यांनी. रघुनाथराव दोषी असे कोणी ठरवले? रामशास्त्र्यांनी. मग ज्याने तपास केला आणि मत बनवले, तोच पुन्हा न्यायाच्या खुर्चीत बसला तर आरोपीने दाद कुणाकडे मागायची? एका मुलाने लगेच उत्तर दिले, “पन मॅडम, थे खरे होते ना.” खरे होते याबद्दल मलाही शंका नाही, राज्य करणाऱ्या माणसाला तोंडावर दोषी म्हणून नोकरीवर पाणी सोडणारा न्यायाधीश दुसरा दाखवता येणार नाही. पण त्या दिवशी रामशास्त्र्यांना आम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करायचे ठरवले, आणि न्यायासनावर दोन मुलगे आणि एक मुलगी असे तिघे बसवले.

दुसरा वाद जास्त महत्त्वाचा होता आणि तो मला सुचलेला नव्हता. मी सोयीसाठी रघुनाथराव आणि आनंदीबाई या दोघांना मिळून एकच वकील दिला होता. नवराबायको, एकच घर, एकच बचाव, असा माझा साधा हिशेब. दुसऱ्या दिवशी ती वकील झालेली मुलगी फाइल घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, की हे मला जमणार नाही. का? तर रघुनाथरावांना सोडवायचे असेल तर ‘मी फक्त धरावे असे लिहिले होते, मारावे मी लिहिलेच नाही’ असे म्हणावे लागते. आणि तसे म्हटले की ते दुसऱ्या कोणीतरी लिहिले असे आपोआप होते. आणि ते दुसरे कोण, हे सगळे गाव जाणते. म्हणजे एकाला वाचवायचे तर दुसरीला बुडवावे लागते. “मी दोघांची वकील कशी राहू, मॅडम?”

मी बी.एड. झाल्याला एकोणीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत ‘ध चा मा’ मी किती वेळा शिकवला असेल याची मोजदाद नाही, पण ती गोष्ट मुळात रघुनाथरावांचा बचाव आहे, ही बाब माझ्या ध्यानात कधीच आली नव्हती. गोष्टीतली आनंदीबाई जितकी काळी, तितके रघुनाथराव भोळे. तिला बोल लावण्याच्या भरात आपण त्यांना हळूच सोडून देतो. मी त्याच दिवशी दोन वकील केले.

पिवळ्या पट्टीच्या पानांत सर्वांत वजनदार होता ग्रँट डफ. सातारचा रेसिडेंट राहिलेल्या या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, आणि त्यात ही हकिगत आहे : रघुनाथरावांनी रामशास्त्र्यांपुढे कबूल केले, की नारायणरावांना धरण्याचा हुकूम आपण सुमेरसिंगला दिला होता, मारण्याचा नव्हे, पुढे मूळ कागद रामशास्त्र्यांच्या हाती आला तेव्हा त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ केलेले आढळले, आणि ही करणी आनंदीबाईंची, असे सर्वत्र मानले जाते. फिर्यादी पक्षाचा सगळा डोलारा या एका उताऱ्यावर उभा होता. तो कागद आज कुठेही उपलब्ध नाही.

आमच्या गावाला कागदातली खाडाखोड नवी नाही. इथे ‘फेरफार’ हा शब्द मुलांना शब्दकोशातून कळत नाही, तलाठी कार्यालयातून कळतो. सातबाऱ्यावर कुणाचे नाव कसे चढले आणि कुणाचे कसे उतरले, यावर घरोघरी रात्री जेवताना चर्चा झालेली असते. त्यामुळे पुराव्याचा कागद पाहायचा म्हणजे काय पाहायचे, हे त्यांनी मला न विचारता ठरवले : अक्षर कोणाचे, शाई एक की दोन, मजकुरात जागा किती होती, आणि कागद कुणाकुणाच्या हातून गेला. फळ्यावर त्यांनी कागदाचा रस्ता काढला. रघुनाथराव, त्यानंतर एक रिकामे वर्तुळ, त्यानंतर सुमेरसिंग. रिकाम्या वर्तुळात आनंदीबाईंचे नाव घालावे की तुळाजीचे की कोणाचेच नाही, यावर अर्धा तास गेला, आणि शेवटी तिथे प्रश्नचिन्ह ठेवून मंडळी घरी गेली. मधल्या सुट्टीत ते चिन्ह कुणीतरी पुसून ‘आनंदीबाई’ लिहिले. तिच्या वकिलाने ते पुन्हा पुसले.

पेशवाईतला कागद मोडीत असणार, म्हणून मोडी जाणणारा साक्षीदार हवा होता. शेजारच्या गावात एक आजोबा आहेत. आयुष्यभर तालुक्याला कचेरीबाहेर बसून अर्ज लिहून देत, आणि जुने मोडी दस्त वाचून घ्यायला लोक अजून त्यांच्याकडे येतात. मी विनंती केल्यावर ते सुनावणीच्या दिवशी धोतर, पांढरी टोपी आणि चष्म्याची डबी घेऊन आठ वाजताच हजर झाले. त्यांच्याही आधी आमचा एक माजी विद्यार्थी आला होता. तो आता तालुका न्यायालयात वकिली करतो. त्याने स्वतःचे दोन काळे कोट आणले होते, जे चौदा वर्षांच्या वकिलांना गुडघ्यापर्यंत आले. त्याने आल्याआल्या मुलांचा एक मोठा भ्रमनिरास केला : आपल्याकडच्या न्यायालयात न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. सुताराकडून खास बनवून आणलेला हातोडा परत पिशवीत गेला. त्याची भरपाई पुकाऱ्याने झाली; दाराशी उभा राहून ‘आरोपी रघुनाथराव हाजिर हो’ असे तीनदा ओरडण्याचे काम ज्या मुलाला मिळाले, त्याचा आवाज बाजूच्या अंगणवाडीपर्यंत गेला.

साडेआठला सुरू व्हायची सुनावणी नऊ वाजले तरी सुरू झाली नव्हती, कारण तीन न्यायाधीशांपैकी एक हजर नव्हती. अडतीस मुलांच्या वर्गात त्या दिवशी एकतीसच होती. कापसाची वेचणी ऐन भरात होती आणि किलोमागे मिळणारी मजुरी बुडवून शाळेत या, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? न्यायाधीशबाई सव्वानऊला धापा टाकत आल्या. पहाटेपासून आईबरोबर पराटीत होत्या. ओढणीला वाळलेल्या पानांचा चुरा अडकला होता आणि बोटांची टोके बोंडांच्या काट्यांनी खरचटली होती. तिने हात धुतले, मधल्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “चालू करा.”

फिर्यादीचे पहिले साक्षीदार रामशास्त्री. सरतपासणी छान झाली. उलटतपासणीला आनंदीबाईंची वकील उठली आणि तिने विचारले, की तुम्ही कागद स्वतः पाहिला का? रामशास्त्र्यांनी पिवळे पान वाचले : पाहिला, असे ग्रँट डफसाहेब लिहितात.

“ग्रँट डफना हे कोणी सांगितले? तुम्ही?”

रामशास्त्र्यांनी पान उलटसुलट केले. “नोंद नाही.”

“तुमचा मृत्यू कधी झाला?”

वर्ग हसला. पण तिने पान नंबर नऊ पुढे केले. रामशास्त्री वारले १७८९ साली. ग्रँट डफ जन्मला १७८९ साली. “म्हणजे साहेब पाळण्यात होते तेव्हा तुम्ही गेलात. मग त्यांना तुम्ही सांगणे शक्य नाही. खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी त्यांनी पुस्तक छापले. आणि आनंदीबाईंबद्दल त्यांनी काय लिहिले? सर्वत्र मानले जाते. सर्वत्र म्हणजे कोण, त्या माणसाला साक्षीला बोलवा.”

या दोन्ही तारखा फाइलमध्ये मीच घातल्या होत्या, पण वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या कारणांसाठी. त्या शेजारी ठेवून पाहायचे मला सुचले नव्हते. मागच्या बाकावर बसलेल्या माझ्या माजी विद्यार्थ्याने वहीत काहीतरी टिपून घेतले. ऐकीव पुराव्याला कायदा हिंग लावून विचारत नाही, हे त्याने नंतर मुलांना सांगितले. तोंडी साक्ष द्यायची तर ज्याने पाहिले त्यानेच पाहिले म्हणून सांगावे लागते, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही आहे. अर्थात दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीला ही मोजपट्टी जशीच्या तशी लावली तर इतिहास लिहिणेच बंद होईल, आणि हे मी मुलांना सांगितलेही. इतिहासकाराला पन्नास वर्षांनंतरचा लेखकही वापरावा लागतो. फक्त वापरताना तो पन्नास वर्षांनंतरचा आहे हे विसरून चालत नाही. बिचाऱ्या रामशास्त्र्यांना ‘देहान्त प्रायश्चित्त’ म्हणायची संधी त्या साक्षीत मिळालीच नाही. त्याने एकदा प्रयत्न केला, तेव्हा हरकत आली, की ती शिक्षा आहे, पुरावा नाही.

मग आजोबा. त्यांनी चष्मा पुसला, फळ्याजवळ गेले आणि मोडीत एकाखाली एक ‘धरावे’ आणि ‘मारावे’ असे दोन शब्द काढले. हात किंचित थरथरत होता, पण रेघ एकदाही तुटली नाही. वर्गातल्या कुणीही मोडी अक्षर प्रत्यक्ष लिहिताना पाहिलेले नव्हते. पुढच्या बाकांवरची मुले उभी राहिली. फिर्यादीच्या वकिलाने विचारले, की वरच्या शब्दाचा खालचा शब्द करता येईल का? आजोबांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिले.

“फळ्यावर म्या काहीबी करून दाखवीन, बाबू. मूळ कागद आन, मंग सांगतो कोणाचा हात आहे थो.”

फिर्यादीने पुन्हा विचारले, की पण होऊ शकते ना? आजोबा म्हणाले, की होऊ शकते आणि झाले यांत फरक आहे; कचेरीबाहेर पन्नास वर्षे बसलो, कागद न पाहता कागदाबद्दल बोललो असतो तर लोकांनी केव्हाच उठवले असते. एवढे बोलून ते खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितले. आनंदीबाईंच्या वकिलाने उलटतपासणी घेतली नाही. ती कुठे थांबायचे ते कुणाकडून शिकली, मला माहीत नाही.

सुमेरसिंग आणि तुळाजीचा बचाव लवकर आटोपला. पगार थकला होता, हे सुमेरसिंगच्या वकिलाने जोर देऊन सांगितले आणि काही मुलांनी माना डोलावल्याही, कारण थकलेली मजुरी म्हणजे काय ते त्यांना सांगावे लागत नाही. पण न्यायाधीशबाईंनी विचारले, की पगार मागायला गेलेला माणूस पगार देणाऱ्याला मारून टाकतो का, मग पगार देणार कोण? त्याला उत्तर नव्हते.

रघुनाथरावांचा वकील मात्र तयारीचा होता. त्याचे दोन मुद्दे. एक, माझा अशील नजरकैदेत होता, कैदी कट कसा करेल? दुसरा, त्याने धरायला सांगितले होते. गारद्यांनी मारले, त्याला तो काय करणार? पहिल्यावर फिर्यादीने एवढेच म्हटले, की खून झाल्यावर गादीवर कोण बसले ते पाहा. दुसऱ्यावर तो अडला, आणि त्याने मागे वळून काळ्या कोटाच्या मूळ मालकाकडे पाहिले. तिथून चिठ्ठी आली. चिठ्ठीवर लिहिले होते : १८६० ची दंडसंहिता, कलम १११. एका कृत्याला चिथावणी दिली आणि दुसरेच कृत्य घडले, तरी ते दुसरे कृत्य त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल, तर चिथावणी देणारा त्यालाही जबाबदार. १७७३ साली हे कलम नव्हते, आता ती संहिताही राहिलेली नाही, पण त्यातली अक्कल जुनीच आहे. फिर्यादीच्या वकिलाने ती आमच्या भाषेत मांडली : “बिनपगारी, चिडलेल्या, हत्यारबंद मान्सायले तुम्ही सांगता का जा, अन् पेशव्याले धरून आना. थे काय हळद-कुंकू लावून आनतीन काय?” ध असो की मा असो, रघुनाथराव त्या वाक्यात गेले.

आनंदीबाईंच्या वकिलाने शेवटचा युक्तिवाद चार मिनिटांत संपवला. तिचे म्हणणे असे होते : माझ्या अशिलाकडे कारण होते, हे मी मान्य करते, नवऱ्याला कैदेत टाकले म्हणून ती चिडलेली असणार. ती त्या वाड्यात होती, हेही मान्य. पण त्या वाड्यात शेकडो माणसे होती आणि चिडलेलीही पुष्कळ होती. तिचा हात कागदाला लागला हे सांगणारा एकही पांढऱ्या पट्टीचा कागद फिर्यादीने दाखवलेला नाही. तिने मा केला असे धरले, तर सगळ्यांत मोठा फायदा कोणाचा? आरोपी नंबर एकचा. तेव्हा ही गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली, याचा तपास आधी करा, आणि मग माझ्या अशिलाला बोलवा.

आरोपी नंबर एक फेट्याखाली लाजून हसला.

तिघे न्यायाधीश मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि पंचवीस मिनिटांनी आले. सुमेरसिंग आणि तुळाजी खुनाबद्दल दोषी, यावर एकमत. रघुनाथराव कट आणि चिथावणीबद्दल दोषी, यावरही एकमत. आनंदीबाईंना दोन विरुद्ध एक मतांनी संशयाचा फायदा. दोन्ही मुलगे सुटकेच्या बाजूचे निघाले. कापूस वेचून आलेली न्यायाधीशबाई विरुद्ध. वर्गातल्या बऱ्याच जणांनी, आणि खोटे कशाला बोलू, मीही, उलटे धरले होते.

तिचे विरुद्ध मत वहीच्या पाऊण पानाचे आहे आणि माझ्या मते त्या दिवसातले सर्वांत चांगले लेखन तेच. तिने ‘ध चा मा’ला हातच लावला नाही; कागद नाही म्हणजे तो मुद्दा नाही, असे पहिल्याच ओळीत लिहून टाकले. तिचा मुद्दा वेगळा होता. आनंदीबाई काही करू शकत नव्हत्या, त्यांना काही माहीतच नव्हते, असे बचाव पक्ष एकदाही म्हणाला नाही. फक्त सिद्ध झाले नाही एवढेच म्हणाला. नवऱ्याच्या खोलीत एवढी मोठी मसलत चालू असताना घरातल्या हुशार बाईला ती कळत नाही, हे मला पटत नाही, असे तिने लिहिले; आणि पुढे : आमच्या घरी वावर विकायचे ठरले तेव्हा आईला कोणी विचारले नव्हते, पण तिला सगळे माहीत होते. माहीत असणे आणि कटात असणे यांत अंतर आहे, हे मी तिला नंतर सांगितले. तिने मान हलवली, पण मत बदलले नाही. बहुमताचा निकाल मला बरोबर वाटतो. तरी तिचे पान मी फाइलमध्ये लावून ठेवले आहे, पांढरी पट्टी ओढून.

तास संपताना मी मुलांना खऱ्या इतिहासातले पुढचे थोडक्यात सांगितले. रामशास्त्र्यांनी सुमारे पन्नास माणसांवर कमीअधिक दोष ठेवला आणि ते पुणे सोडून गेले. नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी मंडळी एकत्र आली, नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर नेले, १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. तुळाजी पवार आणि खरगसिंगासारखे मारेकरी पुढे हाती लागले आणि त्यांना देहदंड झाला; रघुनाथराव १७८३ साली कोपरगावला वारले, आपल्या अंथरुणावर. पुरंदरावर जमलेल्यांच्या हालचालीलाही आपण ‘बारभाईंचे कारस्थान’च म्हणतो, मग त्यांच्यावर खटला का नाही, असे एकाने विचारले. घंटा झाली म्हणून मी वाचले. उत्तर अजून द्यायचे आहे.

आजोबांना मी मोटारसायकलवर सोडायला एका मुलाला पाठवले. फळ्यावरचे मोडीतले दोन शब्द सोमवारपर्यंत कुणी पुसले नाहीत. सोमवारी गणिताच्या सरांना फळा लागला.

आणि हरिपंत फडके. मंगळवारी माझ्या टेबलावर एक अर्ज आला, रेघांच्या कागदावर, तालुक्याच्या कचेरीत देतात तशा रीतीने लिहिलेला, उजव्या कोपऱ्यात दिनांक, डावीकडे ‘प्रति, मा. न्यायालय, इयत्ता नववी’, आणि खाली सात सह्या. विषय : हरिपंत फडके यांच्यावर हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल करणेबाबत. मजकूर असा, की बंदोबस्ताची जबाबदारी सोपवलेली असताना सदर इसम जेवायला गेला, सबब त्याची चौकशी व्हावी. खाली पुरावा म्हणून फाइलमधल्या पान तीनचा उल्लेख होता. अर्ज मी दाखल करून घेतला आहे. सुनावणीची तारीख वेचणी संपल्यावर ठरेल.